पाते नवे, रंधा जुना

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या सुताराचा रंधा म्हणजे लाकडी ठोकळा. पाते कमी-जास्त करायचे तर पाचरीवर हातोडीचे दोन ठोके. भुसावळच्या मे महिन्यात हा ठोकळा आखडतो, पावसाळ्यात फुगतो. तळ पुन्हा सरळ करत बसा. अमेरिकेत लेनर्ड बेलीने यावर तोडगा काढला : अंग ओतीव लोखंडाचे आणि पात्यामागे पितळी चाकी. ती फिरवली की पाते केसभर सरकते. न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ले रूल अँड लेव्हल कंपनीने 1869 मध्ये त्याची पेटंटे विकत घेतली आणि पुढे कित्येक दशके तोच घाट किरकोळ फरकांनी ओतला.

संग्राहकाचा सगळा जीव त्या किरकोळ फरकांत. रंध्यावर जन्माचे साल नसते. भंगारात पाच नंबरचा, म्हणजे चौदा इंची, रंधा सापडला तर पाते काढून त्याखालची बैठक आणि मागची मूठ यांच्यामधला गंज पुसावा. तिथे पेटंटच्या तीन तारखा, 1902 च्या दोन आणि 1910 ची एक, उमटल्या असतील तर तो साधारण 1910 ते 1918 मधला. (पेटंटची तारीख हीच रंध्याची मानणे ही नवख्याची नेहमीची फसगत.) पुढची मूठ बुटकी असेल तर 1920 च्या आधीचा, उंच असेल तर नंतरचा. पाते दाबून धरणाऱ्या दाबपट्टीचे भोक काजूच्या आकाराचे झाले ते 1933 पासून. चाकी कडक रबराची आणि मुठी साध्या, रंगवलेल्या लाकडाच्या असतील तर बहुधा दुसऱ्या महायुद्धातला. पितळ तेव्हा लढाईला लागत होते. अंगावर ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर तो शेफील्डचा, त्याला हे आडाखे जसेच्या तसे लागत नाहीत.

पात्यावरच्या बदामाला सगळे भुलतात. बदामात ‘एसडब्ल्यू’ ही अक्षरे : स्टॅन्ले वर्क्स, आणि अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून बदाम. काळ 1920 ते 1935. पण साक्ष द्यायला पाते सर्वांत कच्चे. सातपुड्याच्या सागात सिलिका असते, ती धार खाते. घासून घासून पाते आखूड होते आणि एक दिवस दुसरे येते. मूठही तशीच बदलते. अशा रंध्याची किंमत संग्राहक निम्मी करतो.

सुतार तारखा वाचत नाही. रंधा उलटा धरून, एक डोळा मिटून, पाते डोकावते त्या तोंडाजवळ तडा आहे का तेवढे बघतो.