काका, येताना आय९ आणाल का?

गणपतीसाठी तिकीट काढले, की दोन दिवसांत भारतातून "येताना हे आणा"च्या याद्या सुरू होतात, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. २०२४ मध्ये गणपती ७ सप्टेंबरला होते, आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच पुण्याहून पुतण्याचा फोन. "काका, येताना आय९ आणाल का? १४९००के. इंटर्नशिपचे पैसे साठवलेत, गेमिंगसाठी नवीन मशीन जुळवतोय."

मी "आणतो की रे" म्हणून मोकळा झालो. आमच्या घरी इतकी वर्षे इंटेलच. पण फोन ठेवल्यावर वाटले, पोराची पहिली कमाई आहे, जरा बघून तरी घ्यावे. त्यात त्याचा एक मित्र त्याला "एएमडीचा ७८००एक्स३डी घे" म्हणत होता. मग दोन-तीन संध्याकाळी बसून दोघांची कुंडली मांडली.

- कोअर आय९-१४९००के: ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. किंमत ५८९ डॉलर. २४ कोअर (८ दमदार, १६ काटकसरी), वेग ६ गिगाहर्ट्झपर्यंत, एल३ कॅश ३६ एमबी. पूर्ण जोरात २५३ वॉट.
- रायझन ७ ७८००एक्स३डी: एप्रिल २०२३ मध्ये आला. किंमत ४४९ डॉलर. ८ कोअर, वेग ५ गिगाहर्ट्झपर्यंत, एल३ कॅश ९६ एमबी. कंपनीने दिलेला आकडा १२० वॉट.

(किमती बाजारात आल्या त्या वेळच्या.)

नुसते आकडे पाहिले तर कोणीही आय९च उचलेल. कोअर तिप्पट, वेग जास्त. तरीही गेमच्या बहुतेक चाचण्यांत दोघे बरोबरीत, आणि बऱ्याच ठिकाणी रायझनच थोडा पुढे. असे का?

उत्तर कॅशमध्ये आहे. (कॅश म्हणजे रोकड नव्हे, ती काकाची!) स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. फोडणी देताना मिसळणाचा डबा हाताशी असतो. मोहरी, हळद, हिंग लगेच मिळते. जिन्नस तळघरातल्या कपाटात असेल तर हात कितीही झपाझप चालो, तेल करपणारच. प्रोसेसरचेही तसेच. एल३ कॅशमधली गोष्ट साधारण १० नॅनोसेकंदांत हाती येते, मेमरीतून आणायची तर ७०-८० लागतात. गेममध्ये शेकडो वस्तूंची माहिती सतत विस्कळीतपणे लागत असते. सेकंदाला १४४ फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला ७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. अशा वेळी डबा मोठा असला की खेपा वाचतात. एएमडीने नेहमीच्या ३२ एमबीवर ६४ एमबीची एक चकती चक्क उभी रचली, म्हणून नावात "३डी". त्या रचनेला उष्णता सोसत नाही, म्हणून वेग थोडा कमी ठेवावा लागला.

हे वाचताना मला १९९९ आठवले. लॅमिंग्टन रोडवरून मी सेलेरॉन ३००ए घेतला होता. १९९८च्या पहिल्या सेलेरॉनला एल२ कॅशच नव्हती, त्यामुळे तो गेममध्ये रडायचा. ३००ए मध्ये इंटेलने फक्त १२८ केबी टाकली, पण पूर्ण वेगाची. बस ६६ वरून १०० वर नेली की ४५० मेगाहर्ट्झ! महागड्या पेंटियम टूच्या तोंडाला फेस आणायचा. म्हणजे हा धडा इंटेलनेच मला शिकवला होता, मीच विसरलो.

आता आय९ची बाजूही सांगायला हवी. व्हिडिओ एडिटिंग, मोठे कोड कंपाइल करणे, अशा कामांत २४ कोअर ८ ना सहज मागे टाकतात. ज्यांचे पोट त्यावर चालते त्यांनी माझे ऐकू नये. शिवाय आय९ला डीडीआर४ घेणारे बोर्डही मिळतात, रायझनच्या या पिढीला डीडीआर५च लागते. जुनी मेमरी वापरायची असेल तर हा खर्च धरा.

पण पुण्यासाठी दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे उष्णता. मे महिन्यात पंख्याखाली बसून २५३ वॉटची शेगडी कशाला? गेम चालू असताना रायझन सहसा १०० वॉटच्या आतच राहतो. म्हणजे कूलर साधा चालतो, यूपीएसवरही ताण कमी. दुसरी गोष्ट त्याच उन्हाळ्यातली. १३व्या आणि १४व्या पिढीतले वरच्या श्रेणीचे काही प्रोसेसर अस्थिर होत होते. मायक्रोकोड जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, हे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण समुद्रापलीकडे नेलेल्या वस्तूची वॉरंटी म्हणजे पुन्हा काकाचीच फेरी.

मग त्याला तीन प्रश्न विचारले. स्क्रीन कोणता? १०८०पी, १६५ हर्ट्झ. ग्राफिक्स कार्ड? दमदार, आधीच घेतलेले. खेळतोस काय? काउंटर-स्ट्राइक आणि फ्लाइट सिम्युलेटर. म्हटले, मग तुझा मित्र बरोबर आहे, ७८००एक्स३डी घे.

याच प्रश्नांची माझ्या घरची उत्तरे वेगळी निघाली. आमच्याकडे चिरंजीव ४के टीव्हीवर खेळतात. तिथे सगळा भार ग्राफिक्स कार्डावर, प्रोसेसर बिचारा वाट पाहत बसतो. त्यांचीही नव्या प्रोसेसरची मागणी होती, ती तिथेच नामंजूर झाली. कार्ड मध्यम असेल तरी हेच. २२९ डॉलरला आलेला सहा कोअरचा रायझन ५ ७६०० घ्यावा आणि उरलेले पैसे कार्डात घालावेत.

आता घेणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्स३डी आला (४७९ डॉलर). त्यात कॅश कोअरच्या खाली नेली, त्यामुळे उष्णता नीट बाहेर पडते आणि वेग ५.२ पर्यंत जातो. ७८००एक्स३डीच्याच बोर्डात बसतो. इंटेलच्या १४व्या पिढीचे सॉकेट मात्र तिथेच थांबले.

असो. आरती झाल्यावर आम्ही दोघे जमिनीवर सतरंजी टाकून मशीन जुळवायला बसलो. रात्री साडेअकराला पहिले विमान लोहगाववरून उडाले. उरलेल्या १४० डॉलरचे काय करायचे विचारले, तर म्हणाला, "काका, आजीला मिक्सर हवाय."

चू. भू. द्या. घ्या.