ट्रॅक्टर तापला? आधी जाळी बघा!

चारठाणा (ता. जिंतूर) शिवारात हरभऱ्याच्या मळणीत ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन् तास थ्रेशर ओढतो. भुसा रेडिएटरच्या जाळीत बसतो, वारा अडतो अन् काटा लालवर जातो. लगेच झाकण उघडू नका. उकळत्या पाण्यानं हात-तोंड भाजतं. गार पाणी ओतलं तर हेडला तडाच! भार काढून इंजिन बंद करा, निवू द्या. मग इंजिनाच्या बाजूनं हवा मारून जाळी झाडा. पंख्याचा पट्टा, होजपाईप तपासा. बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत धरतो; कूलंटच बरं. थर्मोस्टॅट काढून टाका म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नये. गळती न दिसता पाणी घटतंय, ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केट गेलं समजा. तसाच रेटला तर इंजिनच उघडावं लागेल, तेही ऐन सुगीत.