मोटारीचा एसी व एंजिनाची उष्णता

गेल्या वैशाखांत सहकुटुंब पुण्याहून साताऱ्यास जात असतां खंबाटकी घाटांत आमच्या मोटारीच्या उष्णतामापकाचा कांटा तांबड्या रेषेस टेकला. एसी बंद करतांच तो हळूहळू उतरला. तेव्हां दोष एसीचाच, असें आमचें मत झालें. परंतु तें चुकीचें होतें. पुष्कळ शेतकरी बंधूंचा असाच समज असतो, म्हणून थोडा खुलासा करितों.

इंधन जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिच्यापैकीं सुमारें एक तृतीयांशच प्रत्यक्ष कामीं येते. बाकीची कांहीं धुराबरोबर जाते, व कांहीं एंजिनाभोंवतीं खेळणारें पाणी रेडिएटरांत वाहून नेतें. तेथें वाऱ्यानें तें निवतें.

एसी सुरू केला म्हणजे दोन गोष्टी घडतात. पहिली, त्याचा कॉम्प्रेसर पट्ट्यानें एंजिनावरच चालतो. त्यास कांहीं अश्वशक्ति लागते व तितकें इंधन अधिक जळतें. दुसरी, गाडींतून उपसलेली उष्णता कंडेन्सर नांवाच्या जाळींतून बाहेर टाकिली जाते, आणि ही जाळी बहुधा रेडिएटरच्या पुढेंच असते. अर्थात् रेडिएटरास मिळणारा वारा आधींच तापलेला. चुलीच्या झळेंत दूध निववावयास ठेवावें, तसा हा प्रकार! घाटांत गाडी मंद चालते, तेव्हां समोरचा वाराही कमी पडतो. सर्व भिस्त पंख्यावर राहते.

तथापि निर्दोष गाडी एवढा भार सोसते, कारण कारखानदारानें तो हिशेबांत धरलेलाच असतो. कांटा चढला, तर कोठें तरी तूट आहे असें समजावें. आमच्या गाडीची खळ्यावर रोज ये-जा होती. दोन्ही जाळ्यांमध्यें भुसा व धूळ गच्च बसली होती. पाणी कमी असणें, पंखा बंद पडणें, थर्मोस्टॅट अडकणें, क्षारयुक्त पाण्यानें नळ्यांत थर धरणें, हींही कारणें असतात.

कांटा चढूं लागल्यास एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा (तोही एक लहानसा रेडिएटरच होय) व गाडी बाजूस उभी करावी. एंजिन तापलें असतां रेडिएटरचें झांकण मुळींच उघडूं नये. दाबाखालचें पाणी १०० अंशांच्या वर असूनही उकळत नाहीं, पण झांकण निघतांच वाफ होऊन अंगावर उसळतें. तशीच गाडी दामटल्यास एंजिनाचें हेड वांकडें होऊन मोठा खर्च पदरीं पडतो. मळणीनंतर जाळी हलक्या धारेनें धुवावी व कारखानदारानें सांगितलेलेंच कूलंट घालावें. एवढी निगा ठेविल्यास भर उन्हाळ्यांतही एसी खुशाल चालवावा.