दुधाळ्याचे यंत्र आणि आपली मुले

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणी या तिन्ही जिल्ह्यांत जमीन हादरली. धक्का ४.५ तीव्रतेचा होता. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का बसला आणि त्याचे केंद्र आपल्याच कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांड्याजवळ निघाले. त्यानंतर आखाडा बाळापूरच्या चहाच्या हॉटेलांत एकच चर्चा. "औंढ्याकडं ते सरकारी यंत्र बसवायलेत, त्याच्यामुळंच व्हायलंय हे सगळं!" या यंत्राच्या कामात केंद्र सरकारचे अणुऊर्जा खाते आहे, तेवढ्यावरून कोणी ती अणुभट्टी करून टाकली. शिकलेली माणसेही माना डोलावत होती, याचे वाईट वाटते.

वाचक बंधुभगिनींनो, ते यंत्र अजून उभेच राहिलेले नाही. जे नाही ते जमीन हादरवणार कसे? आणि उभे राहिले तरी ते हादरवणारे यंत्र नव्हे. त्यात अणुइंधन नाही, स्फोट नाही. ते फक्त ऐकते.

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे उभ्या राहणाऱ्या या वेधशाळेचे नाव लिगो-इंडिया. केंद्र सरकारने तिला तत्त्वतः मंजुरी दिली १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी आली एप्रिल २०२३ मध्ये, आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. २०३० पर्यंत काम पूर्ण करण्याचे उद्दिष्ट जाहीर झालेले आहे. सात वर्षे फाईल फिरली, याचे कारकुनाला तरी आश्चर्य वाटू नये!

आता हे यंत्र काय ऐकते ते पाहू. अवकाशात दोन प्रचंड वस्तू एकमेकींभोवती फिरत आदळल्या की खुद्द अवकाशातच लाटा उठतात, असे आइन्स्टाइनने १९१६ मध्ये गणिताने मांडले होते. त्या प्रत्यक्ष टिपायला माणसाला ९९ वर्षे लागली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड येथील दोन लिगो यंत्रांनी अशी लाट पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. एक सूर्याच्या ३६ पट वस्तुमानाचे, दुसरे २९ पट. बेरीज ६५ व्हायला हवी, पण उरलेले विवर भरले ६२ चे. हिशेबात तीन सूर्य कमी पडले! ते तीन सूर्य क्षणार्धात ऊर्जा होऊन लाटांच्या रूपाने निघून गेले. बी.कॉम. झालेल्या माणसाला ताळेबंद न जुळण्याची धास्ती असते. येथे तुटीतूनच विज्ञान सिद्ध झाले.

यंत्राची रचना सांगायला सोपी आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात बसवतात. त्यांतील हवा जवळपास पूर्ण काढून टाकतात. एकाच लेसर किरणाचे दोन भाग करून एकेक भाग एकेका नळीत सोडतात. टोकाला ४० किलो वजनाचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले असतात. किरण त्यांच्यावरून परत येऊन एकत्र मिळतात, तेव्हा ते एकमेकांना खोडून टाकतील अशी मांडणी असते. लाट आली की एक नळी किंचित लांबते, दुसरी आखडते; किरणांचा मेळ चुकतो आणि उजेड दिसतो. हे किंचित म्हणजे किती? अणूच्या गाभ्यात प्रोटॉन नावाचा कण असतो, त्याच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका फरक हे यंत्र ओळखते. बॅरी बॅरिश यांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. ते मूळचे कणभौतिकीतले प्रयोगकर्ते. टेक्सासमधील कणांची टक्कर घडवणारा अवाढव्य प्रकल्प अमेरिकन संसदेने १९९३ मध्ये गुंडाळला, आणि पुढच्याच वर्षी बॅरिश यांनी रखडलेल्या लिगोची धुरा घेतली. २०१७ चे नोबेल त्यांना वाइस आणि थॉर्न यांच्याबरोबर मिळाले. आपल्याकडे पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर यांनी ही क्षीण लाट गोंगाटातून गणिताने वेगळी कशी काढावी यावर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काम केले, तेव्हा लाट सापडेल असे छातीठोकपणे सांगणारे फार थोडे होते.

जानेवारी २०२५ मध्ये आलेली लाट पहिलीपेक्षा सुमारे तिप्पट स्पष्ट होती. त्या दोन विवरांचे पृष्ठफळ मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षाही कमी. मिसळल्यावर ते सुमारे ४ लाख झाले. कृष्णविवराचे पृष्ठफळ कधी घटत नाही, हे स्टीफन हॉकिंग यांचे म्हणणे त्यातून पडताळता आले.

मग हिंगोलीच का? एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज कोठून आला ते कळत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे आदळले, तेव्हा इटलीतील व्हर्गो हे तिसरे यंत्र चालू होते, म्हणून आभाळातला नेमका तुकडा सापडला. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरीत घडतात याचा पुरावा मिळाला. जपानमध्येही एक यंत्र आहे. भारतातले यंत्र या सर्वांपासून दूर असल्याने दिशा अधिक अचूक ठरेल.

आणि जागा हवी शांत. मोठ्या भूकंपापेक्षा रोजची घरघर या यंत्राला जास्त छळते. लिव्हिंग्स्टनजवळच्या जंगलात लाकूडतोड चाले, तर सुरुवातीच्या वर्षांत दिवसा यंत्र नीट चालवता येत नसे. रेल्वे, अवजड गाड्या, दूरच्या समुद्राच्या लाटासुद्धा त्याला जाणवतात. म्हणूनच परिसरातील गावांनी भूकंपाची अफवा सोडून खरे प्रश्न विचारावेत. खडी क्रशर, विहिरीचे सुरुंग, नवे रस्ते यांवर उद्या मर्यादा येणार आहेत काय? आल्या तर किती अंतरापर्यंत? हे ग्रामसभेत, लेखी, आजच विचारून ठेवावे. तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात न्यूट्रिनो वेधशाळेला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. स्थानिक विरोधात ती अडकली आणि आजवर उभी राहिली नाही.

दुसरा प्रश्न नोकरीचा. वस्तीतल्या पोरांना फाटकावरच्या पहारेकऱ्याची जागा मिळेल, यावर आपण समाधान मानणार काय? आठ किलोमीटर नळीचा एकही सांधा गळता कामा नये, असे वेल्डिंग तेथे लागते. निर्वात यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, वातानुकूलन सांभाळणारे हात लागतील. आयटीआय आणि डिप्लोमाची मुलेमुली हे करू शकतात, तयारी मात्र आतापासून हवी. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ३० मोठ्या अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तेथे दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्रदर्शन भरते, खेड्यापाड्यातल्या शाळांची मुले आपले प्रयोग घेऊन येतात. दुधाळ्यालाही असे प्रदर्शन भरावे, अशी मागणी शाळांच्या मुख्याध्यापकांनी आतापासूनच लावून धरावी. तोवर कळमनुरी तालुक्यातील एखाद्या शाळेने मुलांची एक सहल विज्ञान दिनी खोडदला किंवा आयुकात न्यावी. आयुकाही त्या दिवशी सर्वांसाठी खुली असते. बसभाड्याची वर्गणी गोळा करण्याचे काम प्रस्तुत लेखक आनंदाने करील.