काय बिघडलंय, की काय घडलंय?

गेल्या वर्षी चाळिशीतल्या एक बाई दवाखान्यात आल्या. छातीत धडधड, रात्री झोप नाही, पावसाळ्यातसुद्धा ओसरीवरच निजण्याचा हट्ट. "सगळ्या तपासण्या नॉर्मल आहेत, डॉक्टर. नुसती नाटकं चाललीत," घरचे म्हणाले. ईसीजी काढण्यासाठी मी दार लावले, पडदा ओढला आणि "आडव्या व्हा" म्हणालो. त्या किंचाळत बाहेर धावल्या. मला रागच आला.

मग त्यांच्या भावाने सांगितले : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लहानगी असताना त्या कित्येक तास ढिगाऱ्याखाली होत्या. बंद दाराने त्यांना पुन्हा तिथेच नेले होते. चूक माझी होती.

भूकंप, अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार यांतून गेलेला प्रत्येकजण आजारी पडतोच असे नाही. पण काहींच्या मेंदूतली धोक्याची घंटा प्रसंग सरला तरी वाजत राहते. एखादा आवाज, वास किंवा अचानक झालेला स्पर्शही तिला पुरतो. घाम फुटतो, श्वास कोंडतो. अशा रुग्णाला दरडावले, बळजबरीने धरले किंवा कोंडले, तर उपचारच नवा घाव ठरतो.

म्हणून मानसोपचारात आता रुग्णाच्या जुन्या आघाताची जाण ठेवून उपचार करण्यावर भर दिला जातो. कोणावर काय गुजरले आहे हे कपाळावर लिहिलेले नसते. म्हणून ही काळजी सर्वांच्याच बाबतीत घ्यावी. हात लावण्यापूर्वी विचारावे. काय करणार ते आधी सांगावे. सोबत कोण हवे ते रुग्णाला ठरवू द्यावे. जुनी हकिगत मात्र खोदून खोदून विचारू नये.

बांधून ठेवणे तर नकोच. २००१ साली तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जण दगावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास व एकांतात कोंडण्यास मनाई केली आहे.

पुढच्या खेपेस मी दार उघडे ठेवले, भावाला जवळ बसवले. ईसीजी पाच मिनिटांत निघाला. नंतर त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. समुपदेशन आणि औषधे दोन्ही चालू आहेत. आता त्या घरात झोपतात, दाराजवळ.

वाचकहो, आपल्या घरात असे कोणी असेल तर "विसरून जा" म्हणू नका, नाटक म्हणून हिणवू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवा किंवा 'टेली-मानस'च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोला.