विष एक, घराणी तीन

न्यू गिनीच्या जंगलातला टोपीवाला पिटोहुई साळुंकीएवढा असतो. डोके, पंख, शेपटी काळी, बाकी अंग विटकरी. १९८९ साली संशोधक जॅक डंबाकर जाळ्यात अडकलेले असे पक्षी सोडवत होते. बोचकारलेले बोट त्यांनी सवयीने तोंडात घातले आणि ओठ झिणझिणून बधिर झाले. कातडीत आणि पिसांत बॅट्रॅकोटॉक्सिन आहे, हे १९९२ साली जाहीर झाले. कोलंबियातल्या विषारी बेडकांत सापडते तेच हे विष. गावकऱ्यांना यात नवल नव्हते. त्यांच्या लेखी हा टाकाऊ पक्षी, खायचाच तर कातडे सोलून.

तेव्हा पिटोहुई या प्रजातीत सहा जाती धरत. चण मिळतीजुळती, चोच दणकट, त्यात कमीअधिक विषही निघाले. मग हे एकाच घरचे, यात शंका कशाला? पण २००८ साली डीएनए तपासला आणि हे घर फुटले. सहांपैकी टोपीवाला आणि बहुरंगी या दोनच जाती हळद्याच्या कुलातल्या ठरल्या, म्हणजे आपल्या आमराईत शीळ घालणाऱ्या पिवळ्या पक्ष्याच्या भाऊबंद. उरलेल्या चार दुसऱ्या दोन कुलांत गेल्या. सारखेपणावरून नाते ठरवायची आपली खोड किती फसवी आहे, हे इथे उघड दिसते.

यावर कोणी म्हणेल, इतके दुर्मिळ विष वेगवेगळ्या घरांत आपोआप कसे येईल? ते एका पूर्वजाकडूनच आले असणार. आक्षेप वाजवी आहे, पण २००४ साली तेच विष कोरेसिन नावाच्या चिमुकल्या भुंगेऱ्यांत सापडले आणि हे भुंगेरे पक्ष्यांच्या पोटातही निघाले. म्हणजे विष खाण्यातून येते. एकाच जातीचे पक्षी एका ठिकाणी जहाल, दुसरीकडे जवळजवळ निर्विष असतात, तेही त्यामुळेच. ते पचवण्याची ताकद मात्र वारशाने येत असणार, एवढा भाग मान्य करावा लागतो.

मग नाव सोडायचे का? शास्त्राने सोडले, लोकांनी नाही. दुसऱ्या कुलात गेलेला तांबूस पिटोहुई पक्ष्यांच्या पुस्तकांत अजून पिटोहुईच आहे. उलट जो खरा पिटोहुई, त्या बहुरंगी जातीचे रंग जागोजागी इतके बदलतात, की आता तिच्याच तीन जाती मानतात. आणि तिच्यातले काही पक्षी टोपीवाल्याशेजारी बसवले तर ओळखू येणार नाहीत.