शंभर टक्के बंद

ॲन्जिओग्राफीच्या रिपोर्टवर ‘शंभर टक्के ब्लॉक’ असं लिहून आलं की सेनगाव-औंढ्याकडच्या घरात आधी पैशाचा विषय निघतो, मग गाडीचा. नव्वदपेक्षा शंभर वाईट, तेव्हा आजच्या आज काहीतरी करायला हवं, असा सगळ्यांचा हिशेब. धमनी अचानक पूर्ण बंद झाली तर तो बरोबरच आहे. तो हार्ट अटॅक, तिथे मिनिटं मोजावी लागतात. पण तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ पूर्ण बंद असलेल्या धमनीचं प्रकरण निराळं. डॉक्टर तिला सीटीओ म्हणतात. ॲन्जिओग्राफीत हृदयधमन्यांचा आजार दिसलेल्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांत ती सापडते. ती कधी बंद झाली, हे अनेकांना सांगताही येत नाही.

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याची एखादी चारी गाळाने बुजली तरी शेजारच्या चारीतून पाझरून थोडं पाणी वावरात येतंच; पीक जगतं, पण भर उन्हात माना टाकतं. हृदयातही शेजारच्या निरोगी धमनीतून बारीक पूरक वाहिन्या वाढतात आणि बंद धमनीच्या पुढच्या भागाला रक्त पोचवतात. बसल्या जागी ते पुरतं. जिना चढताना किंवा हळदीची पोती उचलताना बहुधा पुरत नाही आणि छाती भरून येते.

मग उघडायची की नाही? युरोपात ३९६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युरो-सीटीओ’ अभ्यासात नुसत्या औषधांपेक्षा धमनी उघडलेल्यांचं छातीतलं दुखणं अधिक कमी झालं. २०१९ मध्ये आलेल्या कोरियन पुढाकाराच्या ‘डिसिजन-सीटीओ’त मात्र मृत्यू आणि हार्ट अटॅक यांत फरक दिसला नाही, तोही अभ्यास ठरलेली रुग्णसंख्या गाठण्याआधीच थांबला होता. म्हणजे आज हातात असलेला पुरावा सांगतो की ही प्रक्रिया मुख्यतः त्रास कमी करण्यासाठी आहे, आयुष्य वाढवण्याची हमी म्हणून नाही. औषधं नीट घेऊनही दम लागत असेल, छाती दुखत असेल, तरच तिचा विचार. मधुमेह असून दोन-तीन धमन्या बिघडलेल्या असतील, तर बायपासची चर्चा आधी व्हायला हवी. घाबरवून जमीन विकायला लावणारा सल्ला ऐकला की मला राग येतो तो याचसाठी.

उघडायचं ठरलं, तर कसं? १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयधमनीची पहिली ॲन्जिओप्लास्टी केली, तेव्हा धमनी अरुंद होती, बंद नव्हती. फटीतून तार गेली की फुगा जातो. फटच नसेल, तर सगळा खेळ तार पलीकडे कशी न्यायची याचा. पहिला रस्ता समोरून: मायक्रोकॅथेटर या बारीक नळीच्या आधाराने आधी मऊ टोकाची तार, मग गरजेप्रमाणे कडक. दुसराही समोरूनच, पण धमनीच्या भिंतीच्या थरांमध्ये शिरून अडथळ्याला वळसा घालायचा आणि पुढे पुन्हा मूळ पोकळीत उतरायचं. इटलीचे अंतोनियो कोलोंबो यांनी २००५ मध्ये याची एक पद्धत मांडली. तिसरा आणि चौथा रस्ता उलटा: निरोगी धमनीतून, त्या पूरक वाहिन्यांवाटे, बंद धमनीत मागच्या बाजूने यायचं आणि अडथळा सरळ भेदायचा किंवा भिंतीच्या थरातून पार करायचा. जपानच्या ओसामू कातोह यांच्या गटाने २००६ मध्ये मांडलेल्या ‘कार्ट’ पद्धतीने या शेवटच्या रस्त्याला आकार दिला. उलट्या रस्त्यात धोका अधिक, कारण तार चालत असते ती हृदयाला जगवणाऱ्या धमनीतून.

यातला कोणता निवडायचा, हे तार हातात घेण्याआधी ठरतं. बंद आणि निरोगी अशा दोन्ही धमन्यांत एकाच वेळी रंगद्रव्य सोडून चित्रफीत घेतात आणि ती सावकाश वाचतात. अडथळ्याचं तोंड कुठे आहे ते स्पष्ट दिसतं का? लांबी २० मिलिमीटरच्या आत आहे का? पलीकडची धमनी उतरण्याजोगी आहे का? पूरक वाहिन्या तार जाऊ देतील अशा आहेत का? २०१२ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या ‘हायब्रिड’ पद्धतीचा गाभा हेच चार प्रश्न. तोंड स्पष्ट आणि लांबी कमी असेल, तर समोरून तार. तोंडच कळत नसेल आणि मागची वाट चांगली असेल, तर उलटा रस्ता. एक रस्ता अडला की हट्ट न करता दुसरा. २०११ चा जपानी ‘जे-सीटीओ’ गुणांक अवघडपणा मोजतो: बोथट तोंड, कॅल्शियम, ४५ अंशांहून अधिक वळण, २० मिलिमीटर किंवा जास्त लांबी, आधीचा फसलेला प्रयत्न; प्रत्येकी एक गुण. तीन किंवा जास्त म्हणजे फार अवघड.

म्हणूनच ‘ॲन्जिओग्राफी झालीच आहे, तर लगेच उघडून टाकू’ हे सीटीओच्या बाबतीत सहसा योग्य नसतं. रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडावर पडतो, किरणोत्सर्गाची मात्रा वाढत जाते, आणि धमनीला छिद्र पडलंच तर हृदयाभोवती साचलेलं रक्त तिथल्या तिथे काढावं लागतं. अनुभवी केंद्रांत यश ८५ टक्क्यांच्या पुढे जातं. क्वचित करणाऱ्यांच्या हाती ते बरंच कमी.

हिंगोलीकराला इथे थोडी मोकळीक आहे. त्रास स्थिर असेल, तर हळद शिजवून, वाळवून, वसमतच्या बाजारात घालून मग नांदेडला किंवा आणखी पुढे जाण्याची तारीख डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. तोवर ॲन्जिओग्राफीची सीडी मागून घ्यावी. छापील रिपोर्टवरून रस्ता निवडता येत नाही, चित्रफितीवरून येतो. डॉक्टरांना विचारावं: तुम्ही असे किती रुग्ण करता? उलट्या रस्त्याची तयारी आहे का?

पैशाचं गणितही वेगळं. १३ फेब्रुवारी २०१७ च्या केंद्राच्या आदेशाने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली गेली, पण तो आदेश स्टेंटपुरता होता. सीटीओत खर्च वाढतो तो खास तारा आणि मायक्रोकॅथेटर यांच्यावर, आणि किती लागतील हे आधी नक्की सांगता येत नाही. राज्याची जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यांत नांदेड होतं, हिंगोली नव्हतं. आपल्याकडे ती २०१३ च्या नोव्हेंबरात आली. आता महात्मा फुले यांच्या नावाने चालणाऱ्या त्या योजनेच्या ठरीव पॅकेजमध्ये या जादा वस्तू बसतात का, हे आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी विचारून घ्यावं. पहिल्या बैठकीत तार पार झाली नाही, तर अडथळा थोडा मोकळा करून साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करण्याची पद्धत आहे. त्या दुसऱ्या बैठकीचा खर्च कोणाच्या माथी, हेही त्याच वेळी.